चुलीमागे एक मत

पनवेलच्या मच्छी मार्केटात मी जाते पापलेट आणायला आणि घेऊन येते किस्से! नवरा विचारतो, "इतका वेळ? पकडायला गेली होतीस की काय?" पण हिरामावशींच्या ओट्यापाशी आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांचा जो अड्डा जमतो, तिथून पायच निघत नाही. त्यात या वर्षी मावशींनी गावात असा काही धुमाकूळ घातलाय की किस्से पोटात मावेनात. कुणाला तरी सांगायलाच हवेत!

*

आधी भानगड काय ती ऐका. मावशींचं गाव उलव्याच्या पुढे, खाडीला लागून. तिथल्या गावकीचा रिवाज असा : एका चुलीमागे एक मत, आणि ते घरातल्या पुरुषाने हात वर करून द्यायचं. मावशी विधवा, म्हणून त्यांच्या चुलीचा हात त्यांचा दीर वर करायचा! तेही चालून गेलं. पण गावकीने बायकांचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा, कंटेनरच्या पार्किंगला द्यायचा घाट घातला. मावशी भर बैठकीत उभ्या राहिल्या.

"चुलीचा मत ना? मंग जी चूल पेटवते तिनी द्यावा!"

मागून एक बुलेटवाला पोरगा हसला, "मावशे, आता चुली कुठं हायेत? घराघरात गॅस हाय."

"मंग तुजा मत पन रद्द! बस खाली!"

*

मध्येच सरकारी निवडणूक आली. गावकीचे अध्यक्ष धर्माकाका स्वतः टेम्पो घेऊन दारोदार फिरले. "चला बायांनो, मत वाया घालवू नका!" मावशी थेट पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी. जाताना मजेत हवा खाल्ली. येताना मात्र शाई लावलेलं बोट काकांच्या नाकासमोर धरलं.

"दिल्लीचा सरकार ह्या बोटानं चालतो. गावकीलाच ह्याचं काय वावडं?"

काकांनी ड्रायव्हरला रेडिओ मोठा करायला सांगितला.

*

खरी धमाल काकांच्या मुलाच्या हळदीला! आमच्याकडची हळद म्हणजे अख्खा गाव लोटतो. मांडव सजलेला, मटणाची पातेली चढलेली, नवरदेव पाटावर बसलेला. आणि हळद लावायला एकही बाई पुढे येईना! गाणाऱ्या बायका पण तोंडाला कुलूप लावून बसलेल्या. काका धावत आले.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "रिवाज तुमचा. पुरुषांचाच हात चालतो ना? लावा मंग हलद."

"नायतर नाय! डीजे लाव रे!" काका ओरडले.

तेवढ्यात काकी आतून बाहेर आल्या आणि सरळ मावशींच्या शेजारी बसल्या. "डीजे हलद लावनार काय माज्या पोराला?"

काकांनी शब्द दिला तेव्हाच हळद लागली, आणि पुढच्याच बैठकीत ठराव झाला. बाई असो की बाप्या, ज्याचं मत त्याचं. हे ऐकलं तेव्हा मी मार्केटात सगळ्यांसमोर मावशींना मिठी मारली. साडीला मासळीचा वास लागला तो लागलाच, पण काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

*

आता खळ्याचा फैसला. आदल्या दिवशी मार्केटात मावशींची मोजदाद पहिल्यांदाच चुकत होती. कोलंबी मोजता मोजता म्हणाल्या, "हरलो तर बोंबील सुकवाचं कुठं? आमचा धंदाच बसला." मला राहवलं नाही. नवीन पनवेलहून रिक्षा केली आणि सकाळीच त्यांच्या गावी पोचले. देवळासमोरचं पटांगण गच्च भरलेलं. काकांनी विचारलं, "खला बायकांकडं ठेवाचा, त्यांनी हात वर करा!"

मावशी सोडून एकाही सुनेचा हात वर नाही!

समोर सासरे बसलेले. त्यांच्यासमोर जिथे मान वर करायची नाही, तिथे हात कोण करणार? इतकं करून हे असं बुडायचं?

मावशी उठल्या. "सगल्या सासऱ्यांनी देवलाकडं तोंड करा! देव बघा जरा!"

आणि अहो, म्हातारे कुरकुरत, गुडघे धरत खरंच वळले! मग काय, पटकन एक हात, मग दुसरा, मग पटांगणभर बांगड्यांचा खळखळाट! खळं वाचलं, ते तिथेच दिसत होतं. मी तर टाळ्याच वाजवायला लागले. पण मोजणी झाली पाहिजे म्हणून काका एकेक हात मोजत पार कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. तिथे मावशींची सासू बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिचे दोन्ही हात वर.

काका वाकून म्हणाले, "आये, एका मानसाला एकच मत. एक हात खाली घे."

म्हातारीने हात तसेच ठेवले.

"एक माजा. आनि ह्यो माज्या सासूचा. तिला कदी कोनी इचारलाच नाय."

काकांनी दोन्ही हात मोजले आणि ते पुढे सरकले.