टॉकीजचा दाखला

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर मी इमारतींच्या तपासणीची लहानसहान कामं घेऊ लागलो. त्यातच आमच्या गल्लीतल्या बंद टॉकीजचं काम आलं. मालक पुण्यात राहतात. फोनवर म्हणाले, "सर, इमारत धोकादायक आहे असा दाखला द्या. पाडून मोकळं होऊ."

मला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नानंतरचा पहिला सिनेमा आम्ही तिथंच पाहिला होता. बायकांची बसायची जागा वर, वेगळी. मध्यंतरात बायको वरून मला शोधत होती आणि मी खालून तिला. पण एवढ्यासाठी कुणी आपली इमारत राखावी, असं कसं म्हणणार?

किल्ली जुन्या ऑपरेटरकडे होती. खुलताबादजवळच्या खेड्यातला माणूस, हयात याच टॉकीजमध्ये गेलेली, टॉकीजमागच्या खोलीत राहायचा. त्यानं दार उघडलं. आत पारव्यांचा वास, मोडक्या खुर्च्या, एका कोपऱ्यात उडालेला पत्रा.

"इथं पाय जपून टाका सर, फळी कुजलीय."

वरची मशीनची केबिन मात्र स्वच्छ होती. प्रोजेक्टरवर धुळीचा कणही नव्हता.

"अजून येता तुम्ही इथं?" मी विचारलं.

"व्हय. दर सोमवारी. तेल नाय घातलं तर मशीन जाम व्हते."

"मालकांनी सांगितलंय?"

"कोण सांगतंय आता?" एवढं बोलून तो खिडकी उघडायला गेला.

तीन दिवस मी तपासणी केली. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या गंजून गेल्या होत्या, छत बदलावंच लागणार होतं. पण भिंती दगड-चुन्याच्या, दोन हात जाड. सगळीकडं ओळंबा लावून पाहिला, भिंत कुठं झुकलेली नव्हती. मालकांना फोनवर तसं कळवलं.

"सर, एवढं बारीक बघायची काय गरज होती?"

"बघितलं तेच लिहीन मी."

"ठीक आहे. मग दुसऱ्या कुणाला सांगतो."

ऑपरेटरला हे सांगितलं, तर तो तेलाचा डबा घेऊन वर केबिनकडं गेला. मलाच वाईट वाटत राहिलं. दाखला कुणीतरी देणारच होतं, मग माझ्या खरेपणाचा उपयोग काय?

पंधरा दिवसांनी मालक स्वतः आले. पाडण्यापूर्वी सामान काढून न्यायचं होतं, त्याआधी एकदा आत बघू म्हणून मलाही बोलावलं. ऑपरेटर आम्हाला केबिनमध्ये घेऊन गेला. स्टूल पुढं करत म्हणाला, "मालक, जरा बसा." मग त्यानं मशीन चालू केली. रीळ नव्हतंच. खाली फाटक्या पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला आणि पारवे फडफडून उठले.

मालक झरोक्यातून बघत राहिले.

"ही चालते, हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही इचारलं नाय."

मालक हसले, ऑपरेटरकडं त्यांनी बोट केलं. मला म्हणाले, "वडील मला इथं येऊ द्यायचे नाहीत. हे चोरून आणायचे. याच स्टुलावर बसवायचे."

त्या दिवशी त्यांनी शब्द दिला नाही. पण सामान तसंच राहिलं, आणि महिन्याभरानं फोन आला, "सर, काय काय वाचवता येईल?"

टॉकीजचं नाट्यगृह करायचं ठरलं, पण सगळं वाचलं नाही. पडद्यामागचा भाग पाडून रंगमंच मोठा केला, खालच्या खुर्च्या गेल्या. दर्शनी भाग, बाल्कनी आणि केबिन राहिली. पडदा उतरवला त्या दिवशी ऑपरेटर गावी निघून गेला, दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छताचं काम बघत उभा होतो, तर शेजारी येऊन थांबला.

"सर, नव्या पत्र्यावर पाऊस वाजंल. नाटकातलं बोलणं ऐकू येईल का लोकायला?"

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी काम थांबवायला सांगितलं. पत्र्याखाली आवाज अडवणारा थर घालून मगच छत पुरं केलं.