दारावरच्या मिशा

मला हसू आवरत नाही, हा माझा जुना रोग आहे. सत्यनारायणाच्या पूजेत मी हसलेय, बँकेच्या रांगेत हसलेय. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हसले, ती सीडी सासूबाई अजून पाहुण्यांना लावून दाखवतात. त्यामुळे एकोणचाळिसाव्या वर्षी मी कोल्हापुरात फर्निचरचं काम शिकायला जायला लागले, तेव्हा घरच्यांना पहिली काळजी वाटली ती करवतीची नाही, माझ्या हसण्याची.

काळजी खरी होती. आमच्या शिक्षणाचा शेवटचा महिना विनियरचा होता. विनियर म्हणजे लाकडाचं पान, जाडसर कागदाएवढं पातळ. ते प्लायवर चिकटवलं की साधं कपाटसुद्धा राजवाड्यातलं वाटायला लागतं. पण पान कापताना माणूस हसला की सुरी तिरकी जाते, आणि जोरात हसला तर पानच टेबलावरून उडतं. माझं पहिल्याच दिवशी उडालं. ते सरांच्या पायाशी जाऊन पडलं.

"ताई," सर म्हणाले, "हसायचं असंल तर रंकाळ्यावर जाऊन बसा. हितं पान फाटतंय."

सर स्वतः कधी हसायचे नाहीत. निदान दिसायचे तरी नाहीत, कारण त्यांच्या मिशा. काय सांगू त्या मिशांचं! नाकाखाली भरघोस, गालांवरून खाली येऊन टोकांना झोकात वर वळलेल्या. शर्टाच्या खिशात लोखंडी पट्टीच्या शेजारी त्यांचा एक छोटा कंगवा असायचा, तो लाकडासाठी नव्हता. बायकोनं एकदा कापा म्हटलं तर दोन दिवस जेवले नव्हते, असं आमच्यात बोललं जायचं.

हे सगळं मी गंमत म्हणून शिकत नव्हते. कसबा बावड्यात मी अठरा वर्षं ब्लाउज शिवले. साऱ्या बावड्याच्या पाठींची मापं मला तोंडपाठ आहेत. पण मशीनवर बसून बसून माझीच पाठ गेली, आणि हुकं-काजं बघितली की अंगावर काटा यायला लागला. नवऱ्यानं मोठ्या मनानं सांगितलं होतं, "सहा महिने कर काय करायचं ते. नोकरी लागली तर लागली, न्हायतर गप मशीनवर बस." आणि सहा महिने संपायला चारच दिवस उरले होते.

नोकरी एकच होती. गावातल्या एका जुन्या फर्निचरवाल्यांच्या कारखान्यात विनियरच्या टेबलावर एक जागा रिकामी झाली होती. ते शनिवारी येऊन आमची दारं बघणार होते, आम्हा सहा जणांची सहा, कपाटाची छोटी दारं. ज्याचं दार पसंत पडेल तो सोमवारपासून कामाला.

"मी बी अजून त्यास्नी भेटलो न्हाय, पन मानूस कडक हाय म्हणत्यात," सरांनी बजावलं. "कामात चेष्टा केलेली खपत न्हाय त्यांना. एकाला टेबलावर शीळ घातली म्हणून घालवलाय."

मी घाबरले. आणि घाबरले की मला हसू येतं.

प्रत्येकाला गठ्ठ्यातली शेजारची दोन पानं मिळाली. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेली, म्हणून दोन्हींची रेघ न् रेघ सारखी, जुळ्या बहिणींसारखी. ती एकावर एक ठेवून कापायची आणि पुस्तक उघडल्यासारखी उघडून जोडायची, म्हणजे मधल्या सांध्यावर डावी-उजवी नक्षी जुळते. दुसरी पानं मिळणार नव्हती.

कुठं कापायचं ते आधी आरशानं बघायचं. पानावर आरसा उभा धरून सरकवत राहायचं. समोरचं अर्धं आणि आरशातलं अर्धं मिळून पुरी नक्षी दिसते. मी लग्नातल्या पावडरच्या डब्याचा आरसा आणला होता. सरकवता सरकवता एका जागी मला समईची ज्योत दिसली. खरंच सांगते, हुबेहूब ज्योत, खाली फुगीर, वर निमुळती. मी आनंदानं किंचाळलेच.

माझ्याच टेबलावर चंदगडचे एक गृहस्थ होते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर नातीला पाळणा करायचा म्हणून शिकायला आलेले. कंडक्टर म्हणून आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो. त्यांचा आवाज अजून एसटीतलाच होता.

"बघा की मास्तर, ज्योत!" मी म्हटलं.

"आयला, व्हय की!" मास्तर गरजले. "ताई, तुमी मारलं मैदान!"

मी आरशाच्या पायथ्याशी पांढऱ्या पेन्सिलीनं रेघ ओढली. आता सरांचा नियम असा, की रेघ ओढली की आरशात दिसलेल्या बाजूवर लगेच फुली मारायची. फुलीची बाजू ठेवायची, दुसरी टाकायची. हे ते रोज सांगायचे. पण अठरा वर्षं कापड बेतलेल्या बाईला फुली कशाला लागते? मी नाही मारली. आरसा डब्यात ठेवला, चहा घेऊन आले, उजेड नीट पडावा म्हणून पानं फिरवून घेतली, पट्टी धरली आणि कापलं. सुरी काय सुरेख चालली! श्वाससुद्धा घेतला नाही.

इथपर्यंतही बिघडलं नव्हतं. पण आम्हा शिंपिणींना तुकडा वाया गेलेला बघवत नाही. ब्लाउजपिसातल्या चिंध्यांची आम्ही गळ्याच्या कडेला पायपिंग करतो. तर मी त्याच झोकात टाकायची बाजू घेतली आणि दाराच्या कडांना लावायला तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून मोकळी झाले. सरासरा, आठ पट्ट्या. मग राहिलेली पानं ऐटीत उघडली.

ज्योत नव्हती. ज्योतीच्या आठ पट्ट्या माझ्या डाव्या हाताशी रचून ठेवल्या होत्या. मी आरशासमोरची बाजू कापून टाकली होती आणि आरशामागची ठेवली होती.

आणि समोर कोण होतं? दोन गाठी होत्या, त्यांचे जुळून दोन डोळे झालेले, जरा वटारलेले. त्यांच्या मधून खाली उतरलेला सरळ नाकाचा दांडा. आणि त्याखाली दोन्ही बाजूंना गेलेले काळेभोर जाड पट्टे, गालांवरून खाली येऊन टोकांना झोकात वर वळलेले.

मास्तर माझ्या खांद्यावरून वाकले.  मग अख्ख्या शेडला ऐकू गेलं, "अगं बाबौ! ह्ये तर सर हाईत की!"

सगळे धावले. त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कुणी टेबल धरून बसलं, कुणी खाली बसलं. मास्तर डोळे पुसत होते. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि हसू कानातून बाहेर पडतंय असं वाटत होतं. सर आले. त्यांनी पानांकडं बघितलं, पट्ट्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"फुली मारलीती?"

"न्हाय सर."

"आन् आता शनवारी त्यास्नी काय सांगायचं? मुद्दाम केलंय म्हणतील."

तिथं माझं हसू विरलं. खरंच होतं. हसरी म्हणून माझी ख्याती, त्यात सरांचाच चेहरा दारावर. बघणारा म्हणेल, बाईला काम करायचं नाही, टवाळी करायची आहे. मी पानं उलटी करून बघितली. उलटी केल्यावर सर उलटे दिसायला लागले आणि जास्तच रागावलेले. मास्तर म्हणाले, मिशांवर गडद पॉलिश मारा. ते मारलं तर त्या अजूनच उठून दिसतील, हे मला कळत होतं.

शेवटी एकच गोष्ट माझ्या हातात होती, ती म्हणजे सांधा. नाक अगदी सांध्यावरच होतं, म्हणजे बघणारा पहिल्यांदा तिथंच बघणार. कडा मी तासभर घासल्या. दोन्ही पानं एकमेकांना भिडवली, वरून कागदी टेप जिभेनं ओली करून लावली. ती टेप वाळताना आखडते आणि सांधा आवळून घेते. सर मागून बघत होते.  पानं प्लायवर चिकटवून दार दाबायला प्रेसमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलं, टेप घासून काढली, आणि सांधा कुठं आहे ते मलाच सापडेना. मिशा मात्र सापडत होत्या.

शनिवारी सकाळी आम्ही दारं भिंतीशी मांडून उभे होतो. मी गाल आतून चावून धरले होते. तेवढ्यात सर आत आले आणि मास्तरांच्या हातातला चहाचा कप निसटला.

सरांना मिशा नव्हत्या.

नुसता वरचा ओठ. बाकी चेहरा उन्हानं रापलेला आणि तेवढाच ओठ पांढराफटक. कुणी तरी मागं फुसकन हसलं. सर म्हणाले, "उकडत हुतं," आणि दारं सरळ करायला लागले.

त्यांच्या मागोमाग कारखानदार आले. पहिली पाच दारं त्यांनी भराभर बघितली. माझ्यापाशी थांबले. डोळे मिटून सांध्याच्या जागी अंगठ्याचं नख आडवं फिरवलं, एकदा, दोनदा. नख कुठंच अडलं नाही. मग डोळे उघडून दोन पावलं मागं गेले.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

त्यांची नजर आमच्या रांगेवरून फिरली, मास्तरांवरून गेली, सरांवरून गेली, कुठं थांबली नाही.

"वाघ हाय," सर म्हणाले.

कारखानदारांनी मान वाकडी करून पुन्हा बघितलं. "व्हय की. वाघच." मग माझ्याकडं वळले. "सांधा तुमचा?"

"व्हय."

"सोमवारी नऊला या."

ते गेले आणि शेडमध्ये गोंधळ उडाला. मास्तर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत सगळ्यांना बाजूला करून माझं अभिनंदन करायला आले. मी सरांकडं गेले.

"हसा आता ताई," सर म्हणाले. "आता काय फाटत न्हाय."

मी तोंड उघडलं सुद्धा. पण जवळून बघितलं तर त्या पांढऱ्या ओठावर वस्तऱ्यानं कापलं होतं, आणि त्यावर आमचीच कागदी टेप लावलेली होती. वाळून, आखडून, घट्ट बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला हसूच येईना.