चांदीचा मोदक आणि आजीचं गाठोडं

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, काळाचौकीत एकदा साक्षात गणपतीच्या हातातला मोदक गेला होता. हसू नका. त्या प्रकरणाचा तपास अस्मादिकांकडे होता आणि निवृत्तीनंतरही तो दिवस माझ्या डोक्यातून हललेला नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बहुतेक मंडळी मला अजून चहाला बोलावतात.

मुंबईच्या थंडीला लोक हसतात. पण फुटपाथवर झोपणाऱ्याला बंदराकडून येणारा पहाटेचा वारा विचारा. म्हणून तिथल्या एका मंडळाने हिवाळ्यापुरता आपला हॉल बेघरांसाठी उघडला होता. चटई, चादर, जेवण, सगळं कार्यकर्त्यांच्या अंगमेहनतीतून. सवय मात्र गणेशोत्सवाची! चहा वाटतानाही पोरं ओरडायची, "लाईन सोडू नका, पुढे चला, मागच्यांना पण मिळू दे!"

माघी गणपती तोंडावर आला होता. मूर्तीच्या हातात ठेवायचा नवसाचा चांदीचा मोदक बँकेच्या लॉकरमधून काढून, पॉलिश करून हॉललगतच्या ऑफिसात, कपाटात ठेवलेला. दुपारी मंडळाच्या अध्यक्षांनी चिटणीसांकडून चावी घेऊन कपाट उघडलं, तर मोदक गायब. फोन आला, मी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद केली आणि निघालो.

हॉलसमोरच्या पानवाल्याने मला जाता जाता खबर दिली. "साहेब, कोपऱ्यातली म्हातारी सकाळपासून गाठोड्यावर बसलीय. चहालाही उठली नाही. बघा बुवा."

आत अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. हातात हॉलचं कुलूप. "साहेब, यांना आत घेतलं तीच चूक झाली. संध्याकाळच्या आत हॉल रिकामा करतो." हे ऐकून माणसं बोचकी बांधायला लागली होती. कोणी चादर घडी घालून पुन्हा उलगडत होता, कोणी दारापर्यंत जाऊन परत येत होता. शंभर वेळा गुन्ह्याच्या जागी उभा राहिलेला मी, पण त्या चुळबुळीने माझाही पाय एका जागी ठरेना.

जागची हलली नव्हती ती फक्त कोपऱ्यातली आजी. गिरणीकामगाराची विधवा, गुडघे निकामी झालेले. महिला शिपाई आणि दोन पंच समोर उभे करून मी सुरुवात केली.

"आजी, गाठोडं उघडा."

"नाय."

"का?"

"आत दुसरीची ठेव आहे. ती आल्याशिवाय गाठ सुटायची नाय."

"ती दुसरी कोण?"

"कोणाला सांगू नको म्हणालीय."

"पोलिसांनासुद्धा?"

"तुमचं नाव नाय घेतलं तिनं. पण तुम्ही काय वेगळे?"

महिला शिपाई तोंड फिरवून हसली. अध्यक्ष मात्र उसळले, "ऐकलंत? अजून काय पुरावा पाहिजे?"

आजीने दोन्ही हात गाठीवर ठेवले. "साहेब, या गुडघ्यांनी मी बाहेर कुठं जाऊ? पण शब्द दिलाय. काढायचं तर काढा मला, गाठीला हात लावू नका."

जबरदस्तीने गाठ सोडवता आली असती. कायदा माझ्या बाजूने होता. पण दोन गोष्टी खटकत होत्या. कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि चावी चिटणीसांकडे होती. आणि मी आल्यापासून चिटणीसांची नजर सारखी भिंतीवर टांगलेल्या पखवाजाच्या पिशवीकडे जात होती. खजिनदार तर पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात होते. जानेवारीत एवढी तहान?

दोघांना वेगवेगळं बसवलं. माझी पद्धत सोपी होती. आधी काहीच विचारायचं नाही. समोर बसून नुसतं बघत राहायचं. ज्याच्या पोटात काही असतं त्याला ती शांतता सोसत नाही.

चिटणीस लगेच फुटले. "साहेब, चोरी नाही हो केली! हे सगळे बाथरूमला ऑफिसवरूनच जातात. म्हणून काल मीच मोदक पखवाजाच्या पिशवीत लपवला. आता तिथेही नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

खजिनदार थोडे जास्त टिकले. "काल भजनाच्या तयारीला पिशवी काढली, तर आत मोदक! कोणीतरी उचलून लपवला असणार. चिटणीसांना सांगावं, तर चावी त्यांच्याकडेच. म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसला. तिथेही नाही साहेब!"

तांदळाचा डबा उघडणार कोण? स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकू. त्या पहाटेच्या गाडीने मालवणला जत्रेला गेलेल्या आणि फोन लागेना. मी नंबर फिरवतोय, बाहेर ऊन उतरतंय, अध्यक्ष कुलूप हातात खेळवतायत. शेवटी एकदाची रिंग वाजली. मी स्पीकर चालू केला.

"मोदक? माका गावलो तो, पहाटे तांदूळ काढताना!" काकू गाडीच्या आवाजावर ओरडत होत्या. "म्हटलं, तांदळात लपवलेलो म्हणजे चोर कमिटीतलोच! मगे कमिटीच्या हातात कसो देतलंय? म्हणान फडक्यात बांधून आजीकडे दिलंय. आजी, सोड गो गाठ!"

मगच आजीने गाठ सोडली. मोदक बघून ती स्वतःच दचकली, "अगं बाई, हा होता होय!"

गुन्हा झालाच नव्हता, म्हणून मी नोंद बंद केली. पण एक गोष्ट शिकलो. संशयाचं बोट ज्याच्याकडे वळतं त्याच्याकडे धावण्याआधी ते बोट कोणाचं आहे ते बघावं. त्या हॉलमध्ये भीती सुरू झाली परक्यांची आणि त्या भीतीपोटी आपली माणसंच एकमेकांपासून मोदक पळवत होती. ज्या बाईला बाहेर काढायला निघाले होते, तिने मात्र आत काय आहे हे ठाऊक नसताना तो दिवसभर सांभाळला.

मोदक घ्यायला चिटणीस पुढे झाले. त्यांच्या मागोमाग खजिनदारही. अध्यक्षांनी दोघांकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. हातातलं कुलूप खिशात कोंबलं आणि एकदम ओरडले, "कोणी हात लावू नका रे! कपाट नको, पिशवी नको, डबा नको, माघीपर्यंत आजीकडेच राहू दे!"