अप्पांचा न चाललेला खटला

अप्पा कोर्टात जाताना कोट घालायचे. टेक्सासचा ऑगस्ट, दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि हा पंचाहत्तरीचा गृहस्थ काळा कोट घालून, गळ्याचं बटण लावून माझ्या गाडीपाशी हजर! "अप्पा, तुम्हाला नुसतं मागच्या बाकावर बसायचंय," मी म्हणायची. "बाक मागचा असला म्हणून काय झालं? कोर्ट ते कोर्ट," असं म्हणून ते सीटबेल्टशी झटापट करायला लागायचे.

नागपूरला उभी हयात फौजदारी वकिलीत काढलेला हा माणूस बायको, म्हणजे काकू, गेल्यावर मुलाकडे, शुगर लँडला आला. मुलगा संजय आमचा शेजारी. एकटाच राहायचा, तेल कंपनीत इंजिनिअर. सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. अप्पा काही केल्या गाडी शिकायला तयार नव्हते, आणि इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही, नवरा सदा टूरवर. दोन रिकामटेकडी माणसं एकमेकांना सापडली, दुसरं काय! इथल्या कोर्टात कुणीही जाऊन खटला ऐकू शकतं हे कळल्यावर अप्पांनी मला सोडलंच नाही.

"आपल्याकडे कलम तीनशे दोन, तीनशे चार," ते वाटेत समजावायचे. "इथल्या पायऱ्या वेगळ्या. सगळ्यात वर कॅपिटल मर्डर, तिथे देहदंड. मग मर्डर. मग मॅनस्लॉटर, म्हणजे धोका माहीत असून बेपर्वाईनं घेतलेला जीव. तळाला निष्काळजीपणानं झालेला मृत्यू. मेलेला माणूस चारही पायऱ्यांवर सारखाच मेलेला असतो, बाई. पायरी ठरते ती मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं त्यावरून."

'डोक्यात काय होतं?' हा त्यांचा लाडका प्रश्न. एकदा माझी पोळी करपली तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून उलटतपासणी सुरू! "गॅस मोठा आहे हे माहीत होतं?" "होतं." "तरी फोनवर बोलत राहिलीस?" "राहिले." "मग हा मॅनस्लॉटर झाला. लक्षातच आलं नसतं तर खालच्या पायरीवर सुटली असतीस." आणि ती करपलेली पोळी त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. संजयच्या घरात त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नाही. तिथे बापलेक टीव्हीसमोर बसायचे आणि टीव्ही बोलायचा.

एका आठवड्यात खटला होता एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याचा. टायर गुळगुळीत झालेले, ट्रक घसरला, शेजारी बसलेली बायको गेली. टायर बदल असं मेकॅनिकनं त्याला बजावलं होतं. सगळा वाद एवढाच: धोका माहीत असून त्यानं दुर्लक्ष केलं, की त्याच्या तो लक्षातच आला नाही? पहिलं ठरलं तर वीस वर्षांपर्यंत, दुसरं ठरलं तर फार तर दोन.

दुपारच्या सुट्टीत मी थालीपिठाचा डबा उघडला. अप्पांनी हात लावला नाही.

"तिनंही सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "सकाळीच. स्कूटरचा ब्रेक नीट लागून नाही राहिला म्हणून. मी म्हटलं, उद्या दाखवतो, आज तारीख आहे."

अप्पांच्या मागे बसलेल्या काकू स्कूटरवरून पडून गेल्या एवढंच मला माहीत होतं.

"पंचनाम्यात अपघात लिहिला. पोलीस सारे ओळखीचे. वकीलसाहेब, तुमचा काय दोष, म्हणाले. संजय आला, तोही तेच. विषय काढला की उठून जातो. खटला न चालवताच सोडलं गं मला सगळ्यांनी." कोटाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. "त्याला सांगायचंय. पण सांगितलं आणि तोही तुटला तर मला आहे कोण?"

"अप्पा, अहो अपघातच होता तो," मी म्हटलं.

"तूही?" ते म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

संध्याकाळी निकाल लागला, मॅनस्लॉटर. आणि नेमकी माझ्या गाडीची बॅटरी बसली. संजयला बोलावलं. तो चरफडतच आला. अप्पा पुढे बसले, मी मागे.

"काय लागला निकाल?" संजयनं उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मॅनस्लॉटर. त्याला माहीत होतं म्हणून." अप्पा थांबले. "संजय, मलाही माहीत होतं. ब्रेकचं. तुझी आई सकाळीच म्हणाली होती."

हायवेवरून घराकडे वळायचा आमचा एक्झिट मागे गेला. मग त्यानं गाडी एका पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली आणि स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला.

"आईनं मलाही सांगितलं होतं," तो म्हणाला. "आदल्या रविवारी, फोनवर. म्हणाली, तू सांग त्यांना, तुझं ऐकतील. म्हणून तर मी विषय काढू देत नव्हतो तुम्हाला."

अप्पा त्याच्याकडे वळले. आवाज अगदी कोर्टातला. "टाळलंस की विसरलास?"

"विसरलो, अप्पा."

"नक्की?"

"खरंच विसरलो."

"मग तू खालच्या पायरीवर," अप्पा म्हणाले. "वरची माझी." आणि त्यांनी त्या एवढ्या मोठ्या माणसाचं डोकं जवळ ओढून घेतलं. संजय हुंदके देत रडला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर अप्पांना कोर्टात संजयच न्यायला लागला, रजा काढून. माझी चाकरी संपली. खरं सांगायचं तर मला करमेना. पुढच्या हिवाळ्यात अप्पा झोपेतच गेले. संजयनं त्यांना तो काळा कोट घातला, गळ्याचं बटण लावलं.

सगळे पांगल्यावर तो माझ्या ओट्याशी चहाचा कप धरून उभा होता. म्हणाला, "माझी केस माहीत असलेला एकच माणूस होता गं."

त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते, हे तो विसरला होता. मीही आठवण करून दिली नाही.