कुंदाचा सेकंड

शाळेच्या मागच्या जिन्यावर बसून आपण तिखटमीठ लावलेले पेरू खायचो, आठवतंय ना गं? वरच्या खोलीत पियानो वाजायचा आणि सिस्टरांनी हाक मारली की तोंड पुसत पळायचं... पंधरा ऑगस्टच्या गाण्याची प्रॅक्टिस!

ज्या माझ्या शाळेतल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुण्याच्या कॅम्पातली आमची कॉन्व्हेंट शाळा. आमचं एक देशभक्तीचं गाणं होतं, फक्त आमच्याच शाळेत म्हटलं जायचं. चाल सिस्टरांच्या देशातली, फार जुनी. इंग्रजांच्या काळात त्या चालीवर राजाचं कौतुक गायचे म्हणे. स्वातंत्र्यानंतर आमच्या हिंदीच्या बाईंनी तिच्यावर भारतमातेचे शब्द बसवले... देश बदलला, पियानो तोच राहिला.

हे गाणं दोन आवाजांत म्हणायचं. फर्स्टच्या मुली मुख्य चाल म्हणायच्या, सेकंडच्या मुली त्याच वेळी खालच्या सुरांतली वेगळी चाल. सेकंड नुसतं ऐकलं तर गाणं वाटतच नाही. माझी मैत्रीण कुंदा सेकंडला होती. ती घरी गुणगुणायला लागली की तिची आजी म्हणायची, "हे कसलं गं देशाचं गाणं? कुणाला तरी पोचवायला निघाल्यासारखं वाटतंय."

मी फर्स्टला, कुंदाच्या शेजारी. पुढे लग्नं झाली, ती वारज्याला, मी कोथरूडला. शाळेनेही ते गाणं केव्हाच सोडलं. आता सीडी लावतात आणि सिनेमातल्या गाण्यांवर मुलं नाचतात... नाचू देत बापडी.

गेल्या वर्षी कुंदाला स्ट्रोक झाला. बोलणं गेलं, मग हळूहळू माणसं ओळखणंही. मी नेमाने जाते. बँकेच्या रांगेतल्या अनोळखी बाईकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघते. खोटं कशाला सांगू... तिने एकदा, एकदाच मला ओळखावं, एवढंच माझ्या मनात असतं.

परवा पंधरा ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन आटोपलं आणि जिलबी घेऊन मी वारज्याला गेले. दार सुमनने उघडलं. ती धायरीची, दिवसभर कुंदाला सांभाळते. तिचा चेहरा पार उतरलेला.

"ताई, सकाळधरनं असंच हाय बघा. खालचा स्पीकर बंद झाला अन् ह्या सुरू झाल्या. मधीच थांबतात, कुणाचं तरी ऐकल्यागत... मला तर भ्या वाटतंय."

आत कुंदा खुर्चीत ताठ बसून गात होती. सेकंड... शब्दांसकट, स्वच्छ. वर्षभर त्या तोंडातून एक शब्द आला नव्हता. खोलीत लख्ख ऊन होतं आणि माझ्या अंगावर काटा आला.

तिची मान डावीकडे जराशी कललेली होती. शाळेत मी तिच्या डावीकडे उभी असायचे. आता तिथे कुणीच नव्हतं, नुसता खिडकीचा पडदा.

मी हळूच त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि फर्स्ट धरलं. आवाज आता फाटतो, तरी धरलं. कुंदा गायची थांबली. कपाळाला आठ्या घालून तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, थांबा ना जरा. शैला म्हणतेय."

शैला म्हणजे मीच.

तिचा मुलगा निरंजन दारात मोबाईल धरून रेकॉर्ड करत उभा होता. "मावशी... आई तुला अहो म्हणाली?" त्याला हसावं की रडावं कळेना. मी त्याला खुणेनेच गप्प केलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

कुंदाने पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात एक लांबलचक ओळ आहे. तिथे माझा श्वास कधीच पुरला नाही. मी मधेच श्वास घ्यायचे, कुंदा माझ्यासाठी अडखळायची आणि सिस्टर दोघींनाही झापायच्या.

परवा कुंदा त्याच ओळीला थांबली... अगदी तेवढीच. मग 'घेतलास? चल' अशी मान हलवून पुढे गेली. मी तर पलंगावर श्वास रोखून बसले होते. मग तो श्वास घेतला कुणी?

गाणं संपल्यावर मी तिला जिलबी भरवली. ती मला "थँक यू" म्हणाली, परक्या पाहुण्यांना म्हणायला शिकवलं होतं ना, अगदी तसंच. त्यानंतर पुन्हा काहीच बोलली नाही.

मला शाळेत नकाशातला देश कधीच नीट काढता आला नाही. पण पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत उभ्या असलेल्या आपण... गोव्याच्या, इराणी, तमिळ, सदाशिव पेठेतल्या... आणि शेजारणीच्या श्वासासाठी थांबणाऱ्या. माझ्यासाठी देश म्हणजे अजूनही तेवढाच.

तर आता वाटणी. निरंजनने केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. माझं फर्स्टही मी वेगळं रेकॉर्ड करून ठेवलंय. मेहरू, लूर्ड्स, तुम्ही फर्स्टला होतात, तुम्हाला कुंदाचा आवाज पाठवते. वासंती आणि बाकीच्या सेकंडच्या मुली, तुम्हाला माझा. राहिलेला आवाज आपापला घालायचा. विसरला असाल तर एकमेकींना फोन करा. दोन्ही जोडून मिळेल का, असं कुणी विचारू नका.

सुमनला विचारलं, तुला हवं का? "नगं ताई, ऐकलं तेवढं बास हाय!"

निरंजनला मात्र दोन्ही. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की माझं रेकॉर्डिंग आईला कधी ऐकवू नकोस... तिची शैला तिच्याजवळ आहे.