बाबांचे शेवटचे दोन तास आणि टाळ्या

मंडळी, आज लखनऊ छावनीत माजी सैनिकांच्या संघटनेने आईचा सत्कार केला.

बाबा सीमेवर गेले त्याला वीस वर्षं झाली. गोळी लागली आणि जागीच गेले, एवढंच आईला ठाऊक होतं. त्याच आधारावर ती जगली.

बाबांच्या पलटणीतले एक काका माइकसमोर आले. त्यांना बोलवा, हा हट्ट माझाच. काका बोलता बोलता रंगात आले. “साहब दो घंटे ज़िंदा रहे! पानी माँगते रहे, पर एक बार भी रोए नहीं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई शाल घट्ट धरून बसलेली. फोटोग्राफर म्हणाला, “माताजी, ज़रा इधर देखिए.”

अलीगंजला घरी परतताना ऑटोत तिने विचारलं, “पाणी दिलं का गं कोणी त्यांना?”

“हो, दिलं की,” मी पटकन म्हणाले.

“म्हणजे तुला सगळं माहीत होतं.”

होतं. काकांनीच मला कधीचं सांगितलं होतं. पोटात गोळी लागलेल्याला पाणी देत नाहीत, म्हणून कोणीच दिलं नव्हतं.

दुपारपासून आई माझ्या हातचं पाणी घेत नाहीये. सांगा, आता तिला खरं सांगू?