दस्तगीरचाचांचा नियम

दस्तगीरचाचा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. इंदापुरात त्यांचं गॅरेज. मी निरवांगीची, स्वतःच्या जिपेतून भाजी बाजारात नेणारी. माझी बडबड सुरू झाली की म्हणायचे, "थांब गं सुनंदा, आधी गाडी काय म्हणतीया ते ऐकू दे."

उजनीचं पाणी हटलं की पळसदेवला उघड्या पात्रात आमच्या जुन्या जिपांची शर्यत व्हायची. गाड्या तपासायचे चाचा. मग बारामतीहून नव्या इंजिनांच्या जिपा आल्या आणि आम्ही बसलो धूळ खात. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली असतो, लांब पुशरॉड त्याचा धक्का वर पोचवतात. नव्यात कॅम थेट डोक्यावर, म्हणून ते जास्त पळतं. चाचांनी कमिटीकडून नियमच करून घेतला, फक्त पुशरॉडवाली इंजिनं. "शर्यत हाताची हाय, खिशाची न्हाय."

आणि त्या वर्षी माझ्याच इंजिनाचं झाकण उघडलं, तर कॅम वर! माझं आधीचं इंजिन निकामी झाल्यावर चाचांनीच हे भंगारातून आणून बसवलं होतं. नियम करताना बिचाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"सुनंदा, तुझी गाडी बाद."

मी मूळची तिखट. "बसवलं कुणी? तुमीच ना? मग आता माझाच गळा धरा!" चारचौघांत तोंडाला येईल ते बोलले.

"चुकलं माझं," चाचा खाली बघत म्हणाले. "पर बाद म्हंजे बाद."

पुढच्या शर्यतीआधी त्यांनी मला पुशरॉडचं इंजिन बसवून दिलं. कुठून आणलं विचारलं तर म्हणाले, "हाय एका म्हाताऱ्याचं." शर्यतीच्या दिवशी तेही उघडून बघितलं.

"आवो, तुमीच बसवलंय की!"

"म्हणून तर बघतोय."

मी पहिली आले.

दोन दिवसांनी पेढे घेऊन गेले, तर चाचांच्या दारात माणसं जमलेली. चाचांच्या छातीत कळ आली, शेजारी त्यांची जीप काढायला धावले, तर बॉनेटखाली इंजिनच नाही. कुणाचा ट्रॅक्टर आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते इंजिन बाहेर माझ्या जिपेत अजून गरम होतं.

झटकाच मोठा होता, असं लोक म्हणतात. मला पटत नाही. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी चाचींपुढे रडले, "इंजिन काढून घ्या, चाची. मला खातंय ते."

चाचींनी मला पाणी दिलं. "तू न्हेलं न्हाईस, त्यांनी दिलं. पर गाडी असती तर वाचलं असतं का, ते मला इचारू नगंस, पोरी. मी बी रोज सोताला त्येच इचारती."